ओझची गोष्ट कोल्हापुरात शूट करतोय: बूट चांदीचे का लाल, आणि शेवट स्वप्नाचा करायचा का?

शिवाजीपेठी_मास्तर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

मी चित्रकलेचा मास्तर. दर मे महिन्यात पेठेतल्या पोरांचं पंधरा दिवसांचं शिबिर घेतो. आजवर नाटुकली बसवायचो, यंदा पोरांनी हट्टच धरला की सर पिक्चर काढायचा. चौदा पोरं, वय आठ ते तेरा. कॅमेरा म्हणजे भाच्याचा मोबाईल आणि एक डुगडुगणारा ट्रायपॉड. खिशात बावीस हजार, त्यातले निम्मे नाश्त्याला जाणार कारण यांचं लक्ष शूटिंगपेक्षा वडापाव कधी येतोय याकडेच असतंय. पिक्चर पंचवीस-तीस मिनिटांचा करायचाय.

गोष्ट पोरांनीच निवडली, ओझचा जादूगार. एल. फ्रँक बॉमचं १९०० सालचं पुस्तक. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये काका-काकूंकडं राहणारी डोरोथी वावटळीत घरासकट उडून ओझ या जादूच्या देशात पडते, बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि सिंह यांच्यासोबत पाचूच्या शहरातल्या जादूगाराकडं जाते आणि शेवटी जादूच्या बुटांच्या टाचा तीनदा आपटून घरी येते. मी रोज दुपारी इंग्रजी पुढ्यात ठेवून तोंडानं मराठी करत दोन-तीन प्रकरणं वाचायचो, एकूण चोवीस आहेत. संपल्यावर हौसेनं वर्गाच्या भिंतीवर १९३९ चा पिक्चर दाखवला आणि तिथं सगळं बिघडलं. पहिली बोंब बुटांवरून. "सर, बूट लाल कसे? तुम्ही चांदीचे वाचलासा की!" म्हटलं अरे तेव्हा टेक्निकलर म्हणजे रंगीत पिक्चरचं तंत्र नवीन होतं, पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल रंग उठून दिसतो म्हणून बदलले त्यांनी. ते पटलं.

शेवट मात्र पटला नाही. पिक्चरमध्ये डोरोथी आपल्या अंथरुणात जागी होते, भोवती घरची माणसं, म्हणजे सगळं स्वप्न. पुस्तकात तसं नाही. तिथं वावटळीनं घर खरंच उडवून नेलेलं असतं, ती खरंच जाऊन येते, आणि परत येते तेव्हा काकानं जुन्याच्या जागी नवीन घर बांधलेलं दिसतं. काकू कोबीला पाणी घालायला नुकती बाहेर आलेली असते.

आमच्यात एक बारा वर्षांची मुलगी आहे, चिखलीकडच्या गावातली, सुट्टीला मामाकडे पेठेत येते. २०२१ च्या पुरात त्यांचं मातीच्या भिंतींचं घर बसलं, तेव्हा ही सात वर्षांची. एरवी फार बोलत नाही. सगळी बुटांवरून भांडून दमल्यावर ती म्हणाली, "सर, घर गेलेलं तर ती उठली कुठं?"

मला काही सुचलं नाही ओ. मी आपला प्रोजेक्टरची वायर गुंडाळत बसलो.

तर प्रश्न असे. शेवट स्वप्नाचा करू का पुस्तकासारखा? माझ्याबरोबरच्या मॅडम म्हणतात स्वप्न बरं, पालकांना चटकन कळतं. दुसरं, पोरं म्हणाय लागलीत की आपल्याकडं कुठं वावटळीनं घर उडतंय, आपण महापूर दाखवूया. ऐकायला भारी वाटतं पण त्या पोरीकडं बघून मला धीर होईना. तिसरं, चोवीस प्रकरणांतलं काय ठेवू आणि काय गाळू?

करकर_चप्पल

नाद खुळा मास्तर!!

बुटांचा प्रश्न तुम्हाला पडतोच कसा हो कोल्हापुरात राहून? बूट कशाला, चप्पल करा चप्पल. चप्पल लाईनला जाऊन लहान मापाची करकर वाजणारी कोल्हापुरी घ्या, वरून चंदेरी बेगड चिकटवा, हुपरीच्या पैंजणाचे सुटे घुंगरू कुणाकडं असतील तर ते ओवा. जमिनीवर तीनदा टाचा आपटल्या की करकर-छुम करकर-छुम. लाल बुटाला आवाज होता का? पुस्तकात चांदीचे, आपल्याकडं अख्खी हुपरी चांदीवर जगते, अजून काय पाहिजे.

पण मला खरं सांगायचंय ते चष्म्याचं. पिक्चरवाल्यांनी सगळ्यात भारी गोष्ट गाळली आणि ती तुम्हाला वीस रुपयांत पडते. पाचूच्या शहरात शिरताना वेशीवरचा राखणदार सगळ्यांना हिरव्या काचेचे चष्मे घालतो आणि मागून किल्लीनं कुलूप लावतो, कुत्र्याला पण सोडत नाही. का, तर म्हणे शहराच्या तेजानं डोळे जातील. आणि नंतर जादूगार स्वतःच कबूल करतो की शहर इतर शहरांइतकंच हिरवं आहे, हिरव्या चष्म्यातून बघितल्यावर हिरवं दिसणारच. राजवाड्यात डोरोथीनं हिरवा म्हणून घातलेला झगा वेशीबाहेर येऊन चष्मा काढल्यावर पांढराफेक निघतो!

त्यांच्याकडं पैसा होता, खरोखरचं हिरवं शहर बांधलं, मग चष्मा कशाला लागतोय. तुमच्याकडं पैसा नाही म्हणून तुम्हाला चष्मा करता येतोय. हिरवा जिलेटीन कागद आणा, पुठ्ठ्याच्या फ्रेमा पोरं करतील, तोच कागद मोबाईलच्या लेन्सवर धरा आणि सरळ महाद्वार रोडला शूट करा. राखणदारानं चष्मा काढला की कागद बाजूला. तीच गर्दी, तोच रोड, तोच फुगेवाला. पोरांना डायलॉग सुद्धा लागणार नाही.

महापुराचं मला कळत नाही, त्यावर जाणती माणसं बोलतील.

डेक्कनवरून_बोलतोय

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

पुस्तकात आहे तसंच पाहिजे हा हट्ट सिनेमाला मारक असतो. स्वप्नाचा शेवट तुम्हाला फसवणूक वाटतो पण त्या सिनेमाची सगळी बांधणीच त्यावर उभी आहे. सुरुवातीचं कॅन्सस सेपिया म्हणजे तपकिरी रंगात, दार उघडल्यावर एकदम रंग, आणि शेतावरचे जे तीन गडी आहेत तेच नट पुढे बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि सिंह होतात. हे पुस्तकात नाही, सिनेमानं घातलेलं आहे, आणि ते गडी शेवटी तिच्या पलंगाशी दिसतात तेव्हा मला आजही गलबलून येतं. तुम्हीसुद्धा पेठेतलीच माणसं ओझमध्ये दाखवलीत, म्हणजे वडापाववाला जादूगार झाला वगैरे, तर केवढी मजा येईल! ती स्वप्न असेल तरच जमते.

आपल्याकडचंच बघायचं तर सत्यजित राय यांचा गुपी गाईन बाघा बाईन, १९६९. मूळ गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोरांची, छोटीशी. राय यांनी त्यात दोन राज्यांचं युद्ध मोठं केलं आणि भुतांचा तो लांबच लांब नाच घातला. मूळ गोष्टीला धरून बसले असते तर तो सिनेमा झाला असता का? आणि तुम्हाला बजेटचं उदाहरण हवंय म्हणून सांगतो, सगळा सिनेमा रंगीत करायला पैसे नव्हते म्हणून कृष्णधवल केला आणि फक्त शेवट रंगीत ठेवला.

करकर_चप्पल

@डेक्कनवरून_बोलतोय दादा, राय यांनी घातलं, काढून टाकलं न्हाई. गुपीला शेवटी उठवून "अरे बाळा, तुला स्वप्न पडलं होतं" असं कुणी सांगितलं काय? भुतांच्या राजानं दिलेले वर शेवटपर्यंत खरेच राहतात की. भर घालणं वेगळं आणि गोष्टीच्या पायातली वीट काढणं वेगळं.

ते गड्यांचं मात्र मान्य, मला पण आवडतं ते.

डेक्कनवरून_बोलतोय

हा मुद्दा बरोबर आहे, यावर उत्तर नाही माझ्याकडे. तरी मी स्वप्नाच्या बाजूनेच 🙂

पडद्यामागचा

चाळीस वर्षं नाटकाचं नेपथ्य आणि लाईट केलं, आता गुडघे गेलेत म्हणून घरात बसून लिहितो. मास्तर, दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: पत्र्याच्या माणसाच्या तोंडाला चंदेरी पावडर फासू नका. कितीही धुऊन निघते म्हणून दुकानदार सांगू दे. १९३९ च्या पिक्चरला पत्र्याच्या माणसाचं काम आधी बडी एबसन नावाच्या नटाकडं होतं, त्याच्या मेकअपला ॲल्युमिनियमची पावडर वापरली, ती फुफ्फुसात गेली आणि माणूस दवाखान्यात. दुसरा नट घ्यावा लागला. पोराचं तोंड मोकळं ठेवा, बाकी अंगाला तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे कापून लावा, कडा दुमडून घ्या नाहीतर हात कापतील. चालताना खडखड आवाज फुकट मिळतो. पुस्तकात त्याची जी हकीगत आहे, चेटूक केलेली कुऱ्हाड त्याचा एकेक अवयव तोडत जाते आणि लोहार पत्र्याचा जोडून देतो, ती पिक्चरमध्ये नाही. तुम्ही ठेवणार असाल तर सावल्यांमध्ये करा, पांढरं धोतर ताणून मागून एक बल्ब. उघड दाखवली तर आठ वर्षांची पोरं रात्री झोपणार नाहीत.

दुसरं, जादूगाराचं. पिक्चरमध्ये तो सगळ्यांना नुसतं मोठं डोकं म्हणून दिसतो. पुस्तकात चौघांना चार रूपं: डोरोथीला डोकं, बुजगावण्याला सुंदर बाई, पत्र्याच्या माणसाला अक्राळविक्राळ जनावर, सिंहाला आगीचा गोळा. आगीचा गोळा करू नका, ते आपलं काम नव्हे. पण डोकं कराच, कारण पुस्तकात ते कशाचं आहे माहिती आहे? कागदावर कागद चिकटवून केलेलं, छताला तारेनं टांगलेलं, आणि जादूगार पडद्याआड उभा राहून दोरीनं डोळे-तोंड हलवतो! म्हणजे हे तुमचं काम बॉमनं आधीच करून ठेवलंय, त्याचा जादूगारच मुळात बावीस हजारवाला आहे. कुंभार गल्लीत जाऊन विचारा, गणपतीच्या साच्यांतून कागदी लगद्याचं काम करणारा कुणीतरी मोठ्या तोंडाचा साचा देईल.

आणि पोरांना एक सांगा, हे असले चमत्कार आपल्या गावात नव्वद वर्षांपूर्वी करून झालेत. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरातच निघाली, १९३३ ला पुण्याला गेली, मधल्या काळात १९३२ ला माया मच्छिंद्र इथंच काढला, सगळा मायावी कारभार, राणीजवळ पाळलेला चित्ता. त्याआधी बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा स्वतः बनवला. त्यांचं मूळ काम नाटकाचे पडदे रंगवायचं. तुम्ही चित्रकलेचे मास्तर ना? मग पाचूचं शहर लांबून दाखवायला पडदाच रंगवा, कॉम्प्युटरच्या नादाला लागू नका.

डोरोथीनं पाणी ओतल्यावर चेटकीण विरघळते ते दाखवायचं तर ट्रायपॉड अजिबात न हलवता शूट करा, थांबवा, पोरीला बाजूला काढा, जागेवर झगा आणि टोपी ठेवा, परत सुरू. खालून धुपाटण्यात ऊद टाका.

कागद_आणा_साहेब

पडद्यामागचा काका, लई भारी.

मी फक्त हक्कांचं बोलतो कारण हे शेवटी यूट्यूबवर जाणारच आहे, कितीही नाही म्हटलं तरी कुणाचा तरी बाप टाकणारच. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. बॉम १९१९ ला गेला, त्यामुळं पुस्तक मोकळं आहे. पण १९३९ चा पिक्चर वेगळी वस्तू आहे, अमेरिकेत त्याचे हक्क ९५ वर्षं म्हणजे २०३४ संपेपर्यंत चालतात. लाल बूट पुस्तकात नाहीत, ती पिक्चरची भर. गाणी पण त्यांचीच, तेव्हा पेटीवर सुद्धा वाजवू नका. म्हणून चांदीची चप्पल हा नुसता हौसेचा नाही तर शहाणपणाचा मामला आहे. तुम्ही स्वतः तोंडानं मराठी केलंत ते उत्तम, छापील मराठी अनुवाद घेतला असता तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो आणि त्याची परवानगी लागली असती.

मिसळ_दोनदा

शूटिंग बघायला आलं तर चालेल काय? वडापाव नको, मी मिसळ खाऊन येतो.

वारणाकाठची

मास्तर, मी पुराबद्दल लिहिते. मी शाळेत शिकवते, आमचं गाव दोन्ही वेळा पाण्यात होतं, २०१९ आणि २०२१.

पूर दाखवू नका.

म्हणजे विषय वर्ज्य आहे म्हणून नव्हे. पण वावटळ आणि पूर या वेगळ्या गोष्टी आहेत हे बाहेरच्याला कळत नाही. वावटळ एकदम येते, उचलते, नेते. गोष्टीला ते लागतं. पूर तसा येत नाही हो. तो चार दिवस येत असतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, इशारा पातळी. मग ४० फूट ६ इंच. मग कोण म्हणतं राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. ४३ झाले की धोका, आणि तरी माणसं म्हणतात मागल्या वेळी जोत्यापर्यंतच आलं होतं. मग रात्री गोठ्यातली जनावरं सोडायची का नाही यावर नवरा-बायकोची भांडणं. त्यातून कुणी उडून जादूच्या देशात जात नाही, शाळेच्या हॉलमध्ये जातं, आणि परत आल्यावर काय दिसतं तर गाळ. आमच्या वर्गातली पोरं अजून मोबाईलवर फूट आणि इंच बघतात पावसाळ्यात, गाणी बघावीत तसं. याला तुम्ही तीन मिनिटांत आणि गमतीत बसवू शकणार नाही, आणि बसवलंत तर त्या मुलीला वाटेल की माझी गोष्ट घेतली आणि भलतीच करून टाकली.

मी तुमच्या जागी असते तर वळीव घेतला असता. तुम्ही मे महिन्यात शूट करताय, दुपारी चारला आभाळ भरून येतं, धुळीचे लोट उठतात आणि पहिल्या झटक्याला कुणाच्या ना कुणाच्या घरावरचे पत्रे उडतातच. कॅन्ससची वावटळ आपल्याकडं तीच. घर उडालं यावर कोल्हापुरातलं एकही पोर शंका घेणार नाही.

आणि शेवट. तुमच्या त्या मुलीनं विचारलं ना ती उठली कुठं, त्याचं उत्तर पुस्तकात आहेच की. नवीन घर. बॉमनं शेवटचं प्रकरण पानभराचं सुद्धा केलेलं नाही पण तेवढ्यात नवीन घर घालायला विसरला नाही. स्वप्न केलंत की ते घर गेलं. मोठ्या माणसांना स्वप्न बरं वाटतं कारण मग काही नुकसान झालेलंच नसतं. पण नुकसान झालेलं पोर समोर बसलंय तुमच्या. तिला विचारा, मात्र सगळ्यांसमोर विचारू नका.

डेक्कनवरून_बोलतोय

वारणाकाठची ताई, माझं मत मागे घेतो. या सिनेमापुरतं तरी.

करकर_चप्पल

गाळायचं काय हे कुणी सांगितलंच नाही मास्तरांना. माझं म्हणणं चिनीमातीचा देश, हातोड्या डोक्याची माणसं, पिवळ्या विटांच्या रस्त्यावरचे वाघ-अस्वल असले ते प्राणी, सगळं काढा. उंदरांची राणी ठेवा, कारण आठ वर्षांच्या पोरांना काहीतरी काम पाहिजेच, सगळ्यांना उंदीर करा. अफूच्या शेतात झोपलेल्या सिंहाला उंदीर गाडीवरून ओढून नेतात तिथं भाजीची ढकलगाडी वापरा.

आणि बक्षिसं पुस्तकातलीच द्या! पिक्चरमध्ये अक्कल मागायला आलेल्या बुजगावण्याला डिप्लोमा देतात. अहो डिप्लोमावाले आपल्या गल्लीत डझनभर रिकामे बसलेत. पुस्तकात जादूगार त्याच्या डोक्यात कोंडा भरतो, टाचण्या-सुया मिसळून. इंग्रजीत तिथं ब्रॅन या शब्दावर कोटी आहे (ब्रॅन म्हणजे कोंडा, आणि ब्रँड-न्यू म्हणजे कोरं करकरीत), ती मराठीत येणार नाही असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडं कोंड्याचा मांडा आहे की! जादूगारानं डोक्यात कोंडा भरायचा, वरून टपली मारायची आणि म्हणायचं, जा, झाला कोंड्याचा मांडा. बॉमला मराठी येत असतं तर त्यानंच लिहिलं असतं.

शिवाजीपेठी_मास्तर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहायला जमलं नाही, पुठ्ठे कापत होतो.

ठरलं ते सांगतो. चांदीची चप्पल फिक्स. हिरवा चष्मा फिक्स, काल जिलेटीन आणला तर पोरांनी तासाभरात निम्मा संपवला, आता गल्लीतला प्रत्येक जण हिरवा चष्मा लावून फिरतोय, रद्दीवाले काका पण. पूर नाही, वळीव. परवा चारला खराच आला, भाच्यानं गच्चीवरून धुळीचा लोट आणि शेजारच्यांचा उडणारा पत्रा बरोबर टिपला, शेजारी अजून बोलत नाहीत आमच्याशी.

वारणाकाठची ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणं त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं. म्हटलं तू डोरोथी होतीस का. नको म्हणाली. मग म्हटलं काय पाहिजे. म्हणाली, "मी काकू होतो." शेवटचा सीन त्यांच्या गावात नव्या घरासमोर करूया असंही तिनंच सांगितलं, घर मागल्या दिवाळीला झालंय, पुढच्या भिंतीला गिलावा राहिलाय, ते चालेल का विचारत होती. कोबी नाही, मेथीचा वाफा आहे, त्याला ती पाणी घालणार.

मी तिला पुस्तकातलं काकूचं वाक्य वाचून दाखवलं, माझ्या लाडक्या बाळा, तू आलीस तरी कुठून, असं काहीतरी आहे ते. ती म्हणाली असं कोण बोलतंय व्हय. मग म्हटलं तू सांग. तिनं कमरेवर हात ठेवला, तांब्या खाली ठेवला, आणि अशी ओरडली की उंदीर झालेली सगळी पोरं दचकून उभी राहिली: "कुठं उलथलीवतीस गं? भाकरी गार झाली!"

तेच ठेवलंय.

आता तेवढं एक करा, पंधरा किलोचे तेलाचे रिकामे डबे कुणाकडं आहेत काय? तीन पाहिजेत, धुतलेले. उभ्या मारुतीपाशी येऊन घेऊन जाईन.